‘लागलं’चा रकाना

बाई,

आज सकाळी माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा ते उठलंय. सत्तरी ओलांडली, दात निम्मे गेले, पण हे काही मला सोडत नाही. भावाची नात नागपूरला डॉक्टरी शिकते, दोन दिवसांसाठी आली आहे. तिने पिशवीतून बोटभर लांबीची मलमाची ट्यूब काढली, करंगळीवर थोडं घेतलं, माझ्या ओठाला लावलं आणि विचारलं, “आजी, लागलं का?” झालं. मी हसायला लागले ते थांबेचना. ओठ फाटला, रक्त आलं, पोरगी घाबरली. तिला वाटलं मलम डोक्यात गेलं. तिला काय सांगणार? ती मैत्रिणीकडे गेल्यावर पेटीतून आपली जुनी वही काढली आणि हा कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दवाखान्याच्या जागी आता सायकलींचं दुकान आहे. पण यातली गंमत तुमच्याशिवाय कोणाला कळायची नाही. आणि गमतीखाली जे आहे, तेही.

तुम्ही पुण्याहून डॉक्टरीण होऊन नुकत्याच आला होतात. आमची आई अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, मी तिच्या बाजूला. तुम्ही छत्री मिटून उभ्या राहिलात आणि म्हणालात, “कोथिंबीर द्या.” आई म्हणाली, “नाई हो बाई, ते तुमच्या पुन्याकडं पिकत असंन. आमच्या इथं नाई.” तुम्ही तिच्या समोरच्या हिरव्यागार ढिगाकडे बोट दाखवलं. “मग हे काय आहे?” “हा सांभार हाये.” तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. “सांबर? ते तर हरीण असतं ना?” मी तोंडाला पदर लावून हसले, आईने मला कोपर मारलं. तुम्ही रागावला नाहीत. मला विचारलंत, शिकलीस किती? मी म्हटलं, मराठी सातवी पास. तुम्ही म्हणालात, “उद्यापासून दवाखान्यात ये. बायका काय बोलतात ते मला अर्धं कळत नाही आणि मी काय बोलते ते त्यांना मुळीच कळत नाही.”

आईने मला पाठवलं, ते काही माझ्या हुशारीचं कौतुक म्हणून नव्हे. मी अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, आणि मामाने तिवश्याचा एक बिजवर माझ्या पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, पाहून ठेवला होता. तीन पोरं, दोन म्हशी आणि दमा. आईने दिवाळीपर्यंतची मुदत घातली: “दिवाईलोक जा. नोकरी पक्की झाली तं ठीक. नाई तं दिवाईनंतर तिवसा.” तुमचीही गत काही वेगळी नव्हती. बायकांचा तो दवाखाना एका धर्मादाय मंडळाचा, मंडळी बसायची अकोल्याला, आणि दिवाळीच्या आत ते ठरवणार होते की दवाखाना चालू ठेवायचा की कुलूप लावायचं. कुलूप लागलं असतं तर तुम्ही पुण्याला आणि मी तिवश्याला. हे आपण दोघी जाणत होतो आणि कधी बोललो नाही.

पहिल्या आठवड्यात तुम्ही मला वही दिलीत. बाईचं गाव, वय, दुखणं, असे रकाने आखलेले. मी मोठ्या उमेदीने लिहिलं. एकीच्या ‘दुखणं’ या रकान्यात तिच्या सासूचं सगळं चरित्र घातलं, कारण तिच्या मते दुखणं तेच होतं. तुम्ही ते पान वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. “ही वही आहे, पाणवठा नाही. विचारलं तेवढंच लिहायचं. चौकटीबाहेर एक अक्षर दिसलं तर हात मोडून ठेवीन.” तुम्ही आयुष्यात कोणाचा हात मोडला नाहीत, उलट चार-पाच नीट बसवलेत. पण मी त्या दिवशी घरी जाऊन रडले, आणि तेव्हापासून विचारलं तेवढंच लिहीत गेले. बाई, पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. मी दोष देत नाही, नुसतं सांगते.

मग ते ओठांचं निघालं. त्या वर्षी हिवतापाची साथ मोठी होती आणि ताप उतरला की बायकांच्या ओठांवर पुटकुळ्यांचा घोस यायचा. तुम्ही विचारायच्या हे कशाने झालं, आणि प्रत्येक बाई सांगायची, “कातीन मुतली.” पहिल्यांदा मला ते तुम्हाला सांगताना घाम फुटला. कातीण म्हणजे घरातला कोळी, झोपेत ती ओठावरून फिरून गेली की असं होतं, असं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तुम्ही बडनेऱ्याच्या एका म्हातारीला समजावून सांगत बसलात की आजी, कोळ्याचा काही संबंध नाही. म्हातारीने शांतपणे विचारलं, “मंग कोन मुतलं?” तुम्ही म्हणालात, एक इतका बारीक जीव असतो की तो भिंगातूनसुद्धा दिसत नाही. म्हातारी माझ्याकडे वळली. “त्यापक्षा कातीनच बरी व माय. दिसते तरी.” तुम्ही त्या दिवशी जेवताना दोनदा हसलात. पुण्याच्या माणसाला दोनदा हसवणं सोपं नव्हतं.

दवाखान्यामागच्या स्वयंपाकघरात तुम्ही शेगडी मांडलीत आणि आपली प्रयोगशाळा सुरू झाली. एका बाजूला तुमचं पिठलं, दुसऱ्या बाजूला पाल्यांचे काढे, आणि एकदा त्यांची अदलाबदल होऊन आपण जाईच्या पानांचं पिठलं खाल्लं, ते तुम्ही वहीत लिहू दिलं नाहीत. चार बाटल्या. गळ्याला लाल, पिवळा, हिरवा आणि पांढरा दोरा. आत काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत, कारण तुमचं म्हणणं, औषधाचं नाव कळलं की बायका लावायच्या आधीच बऱ्या होतात. पण माळ्याच्या पोरीपासून पाला काय लपणार? लाल दोऱ्याला अक्कलकाढा होता, आमच्या वाफ्याच्या कडेला उगवतो, त्याचं पिवळं बोंड चावलं की जीभ चुरचुरते, लाळ सुटते आणि मग तोंड बधिर होतं. पिवळ्याला ज्येष्ठमध. हिरव्याला जाई. पांढऱ्यात नुसतं उकळलेलं पाणी, जळक्या साखरेने रंगवलेलं. पाणी कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं काढा पुरला नसेल. मी गप्प राहिले, चौकटीबाहेरचं होतं.

तुमचा विचार सरळ होता. सोललेल्या ओठाला जे झोंबतं ते बाई दाराबाहेर पडताच पदराने पुसून टाकते, मग ते कितीही गुणाचं असो. म्हणून आधी न झोंबणारं औषध निवडायचं, त्याचा गुण किती ते नंतर बघायचं. तुम्ही वहीत एकच नवा रकाना आखलात आणि वर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलंत, ‘लागलं का?’ म्हणालात, “प्रत्येकीला हेच विचार. हो की नाही, एवढंच लिही.” मी मान हलवली. बाई, तुमच्या पुण्यात लागलं म्हणजे झोंबलं, दुखलं. आमच्याकडे कोणाला तरी औषधाचा गुण आला की आम्ही म्हणतो, त्याले दवा लागली. मी बाजाराच्या दिवशी बायका परत आल्या की एकेकीला विचारायची, “काय व, लागलं का?” पिवळ्या दोऱ्यावाल्या म्हणायच्या, “लागलं ना माय, मस्त लागलं.” लाल दोऱ्यावाल्या म्हणायच्या, “कायचं लागते. तोंडाची नुसती आग आग झाली.” मी पिवळ्यापुढे ‘हो’ लिहायची, लालपुढे ‘नाही’. आग झाली त्यासाठी रकाना नव्हता. अक्कलकाढा चुरचुरतो हे आमच्या इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते डॉक्टरीणबाईंना काय लिहून द्यायचं?

तुम्ही हिशोब मांडलात तेव्हाचा तुमचा चेहरा मला आत्ता समोर दिसतो. ज्येष्ठमध सगळ्यांना झोंबतंय, जाई निम्म्यांना आणि अक्कलकाढा कोणालाच नाही. पाणी कोणालाच नाही, ते बरोबर, म्हणून तुम्हाला वहीची शंकाही येईना. तुम्ही लाल दोऱ्याची बाटली उघडून स्वतःच्या ओठाला लावलीत आणि डोळे मिटलेत. मग जड जिभेने म्हणालात, “मला मुंग्या येतात. पण मी एकटी, त्या इतक्या जणी. आपल्या जिभेवर विश्वास ठेवायचा नाही, वहीवर ठेवायचा.” मला तुमचा किती अभिमान वाटला. माझी वही तुमच्या जिभेपेक्षा मोठी ठरली होती. तुम्ही ज्येष्ठमध बाद केलंत, लाल दोऱ्याची बाटली फडक्यात गुंडाळलीत आणि अकोल्याला कळवलंत की पुढच्या बैठकीत आम्ही दोघी येऊन औषध दाखवतो. ‘नाही’वाली बाटली का नेता, हे मला कोडंच होतं, पण विचारलं नाही, चौकटीबाहेरचं होतं.

आपण सकाळच्या गाडीने निघालो. तुम्ही जांभळ्या काठाचं लुगडं नेसला होता आणि बाटली मांडीवर धरून बसला होता, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हता. बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूर यायच्या सुमारास गाडीला धक्का बसला आणि समोरच्या बाकावरचं एका बाईचं पोर खाली पडलं. तुम्ही त्याला उचललंत, त्याचं डोकं चोळलंत, त्याला पेढा दिलात. मग अकोला येईपर्यंत तुम्ही मंडळापुढे काय बोलायचं ते पुटपुटत राहिलात आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अकोल्याची ती बैठक. लांब टेबल, टेबलाभोवती पागोटी आणि टोप्या, एका टोकाला सरकारी मोठे डॉक्टर, आणि मधल्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब. दवाखाना बंद करावा हा ठराव त्यांचाच होता. त्यांच्यासमोर बोलायला कोणी धजायचं नाही, कारण ते बोलायला लागले की दिवा लावायची वेळ व्हायची. आणि काय नशीब बघा, त्या दिवशी वकीलसाहेबांच्याच खालच्या ओठावर घोस फुटलेला. तुम्ही तो पाहिलात आणि तुमचे डोळे चमकले. म्हणालात, “साहेब, परवानगी असेल तर तुमच्यावरच दाखवते. अजिबात लागत नाही.” वकीलसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “लावा. आमाले काय, आमी कोर्टात याहून कडू ऐकतो.” तुम्ही कापसाचा बोळा लाल दोऱ्याच्या बाटलीत बुडवलात आणि त्यांच्या ओठावर टेकवलात, चांगला दाबून.

साहेबांनी आधी एक भुवई वर केली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी टेबल धरलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, कोटाच्या पुढच्या बाजूवर सगळं. “बाई,” ते कसेबसे म्हणाले, “लागलं व. लागलं.” आणि मी, कोपऱ्यात वही घेऊन उभी असलेली, टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, भर बैठकीत. म्हटलं, “पाहा बाई, लागलं म्हनतात. साहेबाले पहिल्या हातातच लागलं.”

तुम्ही सावकाश माझ्याकडे वळलात. “लागलं म्हणजे काय गं?” मी म्हटलं, “म्हंजे गुन आला ना.” साहेबांची लाळ टेबलावर टप टप पडत होती. तुमच्या चेहऱ्यावरून सगळे बाजारचे दिवस एकामागून एक गेले, ते मला दिसलं. मला वाटलं आता इथेच हात मोडतात. तुम्ही मंडळाकडे तोंड केलंत आणि म्हणालात, “चूक माझी आहे. मी या गावात येऊन आठ महिने झाले आणि इथला एक शब्द विचारून घेतला नाही. या मुलीने बायका जे बोलल्या ते बरोबर लिहिलं आहे. ही वही मी उलटी वाचली.” मग तुम्ही तिथेच वही उघडलीत आणि सुलटी वाचून दाखवलीत. ज्येष्ठमधाची बाटली पिशवीत होती, घसा खरखरला तर म्हणून बरोबर घेतलेली. तुम्ही ती साहेबांच्या ओठाला लावलीत. त्यांनी लहान मुलासारखा ओठ चाटला.

मोठे डॉक्टर खूप वेळ पोट धरून हसले. मग म्हणाले की आजवर इथे पुष्कळ अहवाल आले, पण आपण चुकलो असं म्हणणारा हा पहिला. त्यांनी ठरावावर मतं मागितली. वकीलसाहेब उठून उभे राहिले. तोंड उघडलं. “मा… मा… म्हननं…” पण अक्कलकाढ्याने आपलं दुसरं काम सुरू केलं होतं. जीभ बधिर. त्यांनी हातवारे केले, टेबलावर मूठ आपटली, आणि शेजारच्या शेठजींना वाटलं साहेबांचा पाठिंबा आहे. दवाखाना चालू राहिला आणि माझी जागा पक्की झाली. मंडळाची बैठक इतक्या लवकर संपल्याचं शिपायाला खरं वाटेना, तो चहा घेऊन आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. तिवश्याच्या बिजवराने पुढच्या महिन्यात वरूडची एक बायको केली. सुखात राहिला म्हणतात, दमासुद्धा कमी झाला.

परत आल्यावर तुम्ही सगळा प्रयोग पहिल्यापासून केलात. या वेळी दोन रकाने, ‘झोंबलं का?’ आणि ‘गुण आला का?’ ज्येष्ठमधाने आग कमी व्हायची, खपली एखाद-दोन दिवस आधी पडायची, बस. पांढऱ्या दोऱ्याच्या पाण्यानेही बायका, पहिल्या नाही तरी दुसऱ्या बाजारापर्यंत, बऱ्या होतच होत्या. तेव्हा मला पाण्याच्या बाटलीचा अर्थ कळला. तुम्ही अहवालात लिहिलंत, ‘थोडा गुण.’ मी म्हटलं, बाई, थोडं वाढवून लिहा ना, एवढी मेहनत केली. तुम्ही शाई टिपलीत आणि पाकीट बंद केलंत. माझी नात आज तेच सांगत होती. म्हणते, आजी, हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर नसांत दडून बसतो, आणि पुटकुळी काही लावा, न लावा, आठ-दहा दिवसांत जाते. मी म्हटलं, माहीत आहे आम्हाला. आमच्या बाईंनी शेगडीवर शोधून काढलं होतं.

त्या वहीत तुम्ही शेवटी आणखी एक रकाना आखलात, सगळ्यात रुंद. वर लिहिलंत, ‘आणखी काही?’ म्हणालात, “यात बायका जे बोलतील ते लिही. सासूसकट.” आणि तुमचं स्वतःचं शाईचं पेन मला दिलंत. आत्ता लिहिते आहे ते त्याच पेनाने, निब दोनदा बदलली. त्या रकान्यामुळे आपला दवाखाना चालला, बाई. निम्मी दुखणी तिथेच सापडायची.

आणि ती टाळी. तुम्ही ती जन्मभर सांगितलीत. कोणी पाहुणे आले, नवीन नर्स आली, मोठे डॉक्टर निवृत्त झाले, की तुमची गोष्ट ठरलेली. वकीलसाहेबांची लाळ, मग माझी टाळी. “इतकी भोळी पोर,” म्हणायच्या, “भर बैठकीत टाळ्या वाजवते.” मी लाजून आत जायची. सगळे म्हणायचे, किती साधी. तुम्ही शेवटच्या आजारात होता तेव्हाही एका दुपारी तेच आठवून हसलात. ओठ कोरडे पडले होते तुमचे, मी ज्येष्ठमधाच्या पाण्याचा बोळा फिरवत होते. तुम्ही थट्टेने विचारलंत, रकान्याचं वाचावं तसं, “आणखी काही?” मी म्हटलं, “काही नाही, बाई.”

आता सांगते. मूर्तिजापूरच्या अलीकडे ते पोर पडलं, तेव्हा तुम्ही त्याला उचलून विचारलंत, “लागलं का रे बाळा?” हे आम्हीही म्हणतोच. पडल्या-झडल्याला आम्हीही लागलं का असंच विचारतो. पण तुमच्या तोंडून ते ऐकलं आणि मला वहीतला तुमच्या अक्षरातला रकाना आठवला. त्या एका शब्दात सगळी वही उलटी झाली. लाल दोऱ्याची बाटली तुमच्या मांडीवर होती. मूर्तिजापूर ते अकोला भरपूर वेळ होता, डब्यात आपण समोरासमोर होतो, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारण सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्याच स्टेशनावर उतरून परत फिरल्या असत्या. मला तिवसा दिसत होता. तुम्ही बोळा बुडवलात तेव्हाही बोलले नाही. साहेब ‘लागलं’ म्हणाले आणि मला एकच सुचलं, की जे उघडं पडणारच आहे ते आपण भोळेपणाने उघडं करावं. म्हणून टाळ्या. आणि तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून म्हणालात, चूक माझी आहे, आणि मी तुम्हाला म्हणू दिलं.

यातून दवाखाना वाचला, साहेबांची जीभ अडली, हे सगळं मी स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं. त्याने थोडा गुण येतो. तुमच्याशी आयुष्यात एवढीच एक लबाडी केली, आणि नेमकी तीच तुम्हाला माझ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटली. ते मला फार लागलं, बाई. इथं तुमच्या पुण्याचा अर्थ घ्या.

नात येईल आता, चहा टाकायला हवा. हा कागद वहीतच घालून ठेवते, ‘आणखी काही?’च्या पानात. तुमच्या वेळचे रकाने रुंद होते, तरी त्यात हे मावलं नसतं. पण मावेल एवढं त्या रकान्यातही आत्ताच लिहून टाकलं, तुमच्याच पेनाने: मूर्तिजापूरपासून माहीत होतं.